वानखडे सरांचं अस्वल

वानखडे सरांना कुठलीही बातमी सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "अन् तुम्हाले हे कोणं सांगितलं?"

बातमी खरी की खोटी, चांगली की वाईट, हे त्यांच्या लेखी नंतरचं होतं. ती आली कुठून, वाटेत कोणाकोणाच्या तोंडातून गेली, हे त्यांना आधी हवं असायचं.

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात मी कार्यालयीन अधीक्षक आहे. वानखडे सर भूगोल शिकवायचे. एका सकाळी मी स्टाफरूममध्ये सांगितलं, की परीक्षा विभाग म्हणे मागच्या इमारतीत हलवणार आहेत. माझी धास्ती कामाची होती. कपाटं, गठ्ठे, किल्ल्या, सगळ्याची यादी मलाच करावी लागणार होती. सरांनी लगेच विचारलं, कोणं सांगितलं. मी म्हटलं, ग्रंथपालांनी. सर उठले आणि ग्रंथालयाकडे गेले. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा होता.

"मॅडम, मुळाशी पोचलो. रंगारी आला होता."

"कोणता रंगारी?"

"परीक्षा विभागाची कपाटं रंगवायले. त्यानं शिपायाले सांगितलं, कपाटं भिंतीपासून सरकवा. शिपायानं लॅबमध्ये सांगितलं, कपाटं सरकवून राह्यले. लॅबवाल्यानं सांगितलं, विभाग सरकवून राह्यले. ग्रंथपाल म्हणे, सरकवून राह्यले तं मागच्या इमारतीतच नेतील, तिकडंच जागा आहे. पाह्या आता. याच्यात खोटं कोणीच नाही बोललं. प्रत्येकानं त्याले जे समजलं तेवढंच सांगितलं. अन् रंगाऱ्याच्या कुंचल्यातून इमारत निघाली."

मला हायसं वाटलं आणि मी कामाला लागले. सर तिथंच उभे होते. एखादा डोंगर पाहून आलेल्या माणसासारखे ते थक्क झाले होते. अर्ध्या दिवसात एवढं, तर हजारो वर्षांत काय होत असेल, असं काहीतरी ते पुटपुटले आणि तासाला गेले.

सर उंच आणि किडकिडीत होते. शर्टाची बाही एक कोपरापर्यंत दुमडलेली, एक मनगटापर्यंत. एखादी गोष्ट सांगायची झाली, की ते उजव्या पायातली चप्पल काढत, अनवाणी पाय जमिनीवर टेकवत आणि मगच तोंड उघडत. वर्गात, बसस्टँडवर, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सगळीकडे हेच. प्राचार्यांच्या केबिनमध्ये फरशी आहे, गालिचा नाही, हे त्यांना फार सोयीचं वाटे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पाय खाली लागला का आवाज बरा येते." यापलीकडे स्पष्टीकरण नव्हतं. डाव्या पायातली चप्पल मात्र तशीच असायची, त्यामुळे गोष्ट सांगताना ते किंचित कलते उभे राहत.

ते पिंपळगाव राजाचे. आई-वडील शेतात मजुरी करत. उन्हाळ्यात घराबाहेर झोपताना आई वर बोट दाखवून सांगायची, ती पाह्य म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय. मागचे तीन तारे म्हणजे तीन चोर. म्हातारी झोपली की बाज पळवायची म्हणून चोर कधीचे टपून आहेत, आणि म्हातारी काही झोपत नाही. ज्या दिवशी तिचा डोळा लागेल त्या दिवशी चोर बाज नेतील आणि दुनिया बुडेल. शाळेत गेल्यावर गुरुजींनी सांगितलं, ते सप्तर्षी आहेत, सात ऋषी. घरी येऊन वानखड्यांच्या मुलानं आईला सांगितलं, की तुझं चुकलं. आई म्हणाली, "असतीन ऋषी. तुह्या गुरुजीच्या घरावरचे. आपल्या घरावर बाज आहे."

सर हे सांगत आणि म्हणत, "मॅडम, तिथूनच मी भूगोलाचा झालो. कोणाच्या घरावर काय आहे, एवढाच विषय आहे आपला."

भूगोल विभागात एक पृथ्वीगोल होता. त्याचा अक्ष वाकलेला होता आणि आफ्रिकेवर शाई सांडलेली होती. सर त्यावर बोट फिरवत मला एकेक घर दाखवत. अरबांच्या वाळवंटात तेच चार तारे म्हणजे तिरडी, आणि मागचे तीन म्हणजे बापाच्या तिरडीमागं रडत चाललेल्या मुली. सैबेरियात ते चार म्हणजे सांबरासारखा एक मोठा प्राणी आणि मागं शिकारी. मग बोट आशियाच्या टोकाशी जाई, समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडी आणि अमेरिकेत उतरे. तिथं ते चार म्हणजे अस्वल आणि मागचे तीन शिकारी. शिकारी त्याला वर्षभर आभाळातून पळवतात. पानगळीच्या सुमाराला अस्वलाला बाण लागतो, त्याचं रक्त खाली गळतं आणि जंगलातली पानं लाल होतात.

"आता हे पाह्या," ते त्या चिंचोळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणत. "इथं एके काळी पाणी नव्हतं. बर्फात पाणी अडकलं होतं, समुद्र खाली गेला होता, जमीन उघडी होती. माणसं इकडून तिकडं चालत गेली. मग पाणी चढलं अन् रस्ता बुडाला. दोन्हीकडच्या लोकायची हजारो वर्षं भेट नाही. तरी दोन्हीकडं वर एक जनावर अन् मागं शिकारी. काऊन?"

मी म्हणायचे, "तुम्हीच सांगा."

"अभ्यासक म्हणतात, गोष्ट त्या माणसायसोबत गेली असावी. रस्ता बुडायच्या आधी. म्हणजे ही गोष्ट शेतीच्याही आधीची, मॅडम. गहू नव्हता, ज्वारी नव्हती, गाव नव्हतं. गोष्ट होती."

मी व्यवहारी बाई आहे. सकाळी उठल्यावर मी दिवसभराच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी खोडते. अशा बाईच्या अंगावरही त्या वाकड्या पृथ्वीगोलाशेजारी काटा यायचा. मग शिपाई टपाल घेऊन यायचा आणि मी परत माणसात यायचे.

स्टाफरूममध्ये मात्र सरांना 'बाजवाले सर' म्हणत. इतिहासाचे देशमुख सर यात पुढे. वानखडे दिसले की विचारत, "काय, म्हातारी झोपली का?" वानखडे सर गंभीरपणे म्हणत, "नाही अजून. तुमचा तास चालू होता तरी नाही."

प्रत्येक सुट्टीत सर गावोगाव जात. गाडी ठरवणं, डबा, कोणाकडे उतरायचं, पावसापाण्याची चौकशी, हे हळूहळू माझ्याकडे आलं, कारण त्यांच्यावर सोडलं तर ते उलट दिशेची मलकापूरची बस पकडून मेहकरला काय आहे ते पाहायला निघत. काही वेळा मी सोबतही गेले. त्यांची विचारायची पद्धत साधी होती. खिशात सात चिंचोके असत. भर दुपारी, कोणाच्याही ओट्यावर किंवा पारावर, ते चिंचोके मांडत. चार चौकोनात, तीन शेपटीसारखे. मग विचारत, "हे काय आहे?" आणि गप्प बसत. जुनी माणसं एक क्षण बघत आणि हसत. आभाळ ओळखायला त्यांना रात्र लागत नसे.

त्या गप्प बसण्याचा नियम कडक होता. एकदा पिंपळगाव राजालाच एक आजी चिंचोक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला परतीची बस दिसत होती. मी म्हटलं, "आजी, ही बाज आहे ना?" आजी म्हणाल्या, "हाव, बाजच तं." सरांनी चिंचोके उचलले, आजींना नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "ही मुलाखत गेली, मॅडम."

"का? आजी हो म्हणाल्या की."

"तुम्ही ताट वाढून दिलं. तिनं खाल्लं. आता तिच्या घरी काय शिजलं होतं, ते कधीच नाही समजणार."

बसही गेली होती.

इतक्या वर्षांत त्यांना बाज सापडली, चोर सापडले, कुठं पेरणीची तिफण सापडली, कुठं ऋषी सापडले. एकच गोष्ट हवी होती आणि ती कुठंच मिळत नव्हती, ती म्हणजे अस्वल. सातपुड्यात अस्वलं आहेत, मोहाची फुलं वेचायला गेलेल्यांना आजही ती आडवी येतात. मग आभाळात का नाहीत? जगभरचे अभ्यासक शिकारीच्या गोष्टीचा नकाशा काढतात, तर आपल्या मुलखाची जागा त्यात कोरी राहते, ही त्यांची खंत होती. एक अस्वल मिळालं असतं तर ती जागा भरली असती आणि माणसं कुठून कुठं गेली याचा एक नवा रस्ता उघडला असता. निवृत्ती तोंडावर आली होती. ते कधी बोलले नाहीत, पण आयुष्यात आपण काय केलं याचं उत्तर त्यांनी त्या अस्वलावर ठेवलेलं होतं, हे मला दिसत होतं.

एके दिवशी जळगाव जामोदच्या आठवडी बाजारातून त्यांचा फोन आला. मागं प्रचंड गलका होता.

"मॅडम, अस्वल सापडलं."

"बाजारात? तुम्ही बाजूला व्हा आधी. मी वनखात्याला फोन लावते."

"नका लावू. बाई अजून सांगून राह्यली."

ती बाई म्हणजे गोकुळाबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून मिरच्या विकायला आली होती. सरांनी तिच्या पोत्याच्या कडेला चिंचोके मांडले आणि गप्प बसले. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हे? हे अस्वल." चार चिंचोके म्हणजे अस्वल. मोहफुलं खाऊन झिंगलेलं. तीन चिंचोके म्हणजे तीन भाऊ. फागुनात ते त्याला गाठतात, थोरला बाण मारतो, अस्वलाचं रक्त रानावर सांडतं आणि पळस लाल होतो.

सर बुलढाण्याला आले ते थेट माझ्या टेबलाशी. चप्पल काढली, पाय टेकवला, पण आवाज निघाला नाही. डोळे भरले होते. मग म्हणाले, "पळस, मॅडम. तिकडं पानं लाल, इकडं पळस. दुनियेच्या दोन टोकायले एकच रक्त."

पुढचे महिने लेखाचे होते. एका परदेशी नियतकालिकानं तो घ्यायचं कळवलं. प्राचार्यांनी निवृत्तीच्या आठवड्यात सरांचं जाहीर व्याख्यान ठरवलं. देशमुख सरांनी बाज हा शब्द उच्चारणं बंद केलं. लेख टाइप करायचं काम माझ्याकडे होतं आणि राहिलेल्या कामांची यादीही. त्या यादीत शेवटी एकच ओळ उरली. गोकुळाबाईंनी ही गोष्ट त्यांच्या नणंदेकडून, सुमित्राबाईंकडून ऐकली होती. सुमित्राबाईंना भेटायचं होतं.

मी विचारलं, "सर, कधी जायचं?"

ते म्हणाले, "राहू द्या, मॅडम. एवढ्यावर भागते."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'राहू द्या' कधी ऐकलं नव्हतं. रंगाऱ्यापर्यंत जाणारा माणूस नणंदेपर्यंत जायला नको म्हणत होता. मी ती ओळ मात्र खोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ते दारात उभे होते. रात्रभर झोप नसल्यासारखे दिसत होते.

"गाडी सांगा," म्हणाले. "नाही गेलो तं मी कोणालेच विचारायच्या लायक नाही राहणार."

रविवारी निघालो. घाट उतरलो, खाली उन्हाचा कडाका, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला. सुमित्राबाईंचं घर गावाच्या कडेला होतं, अंगणात मिरच्या वाळत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. सरांनी ओट्यावर चिंचोके मांडले. सुमित्राबाई म्हणाल्या, "अस्वल." मग गोष्ट सांगितली. तीच. मोह, तीन भाऊ, पळस.

सरांनी विचारलं, "तुम्हाले कोणं सांगितली?"

"आमच्या ह्यायनं. लगन झालं त्या साली."

'हे' म्हणजे भगवान. बैलांना पाणी दाखवून ते आत आले आणि टोपी काढून दारात बसले. सर उठून त्यांच्यापाशी गेले.

"भगवानभाऊ, ही अस्वलाची गोष्ट तुम्हाले कोणं सांगितली? वडिलानं?"

"नाई जी. बापाले गोष्टी नाई येत. बाप निरा तमाकू चोळे."

"मग आजानं?"

"नाई जी. मी शाळेत होतो तवा कॉलेजच्या पोरायचं शिबिर आलतं गावात. बांध घालाले. संध्याकाळी सारे शाळेच्या पटांगणात बसत. तिथं एका सरनं सांगतली."

सरांनी विचारलं, "कोणते सर?"

"नाव नाई ध्यानात. शयरातले होते. उंच, बारीक." भगवान आठवून हसायला लागले. "पण एक मज्या होती जी त्यायची. बोलाले लागले का एक चप्पल काढून ठेवत. आमी पोट्टे हासो. एका दिवशी एकानं ती चप्पल लपवून देल्ली, तं ते तसेच गेले जेवाले."

मी खाली पाहिलं. सर एका पायानं अनवाणी उभे होते. चप्पल बाजूला पडली होती. सुमित्राबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग नवऱ्याकडे. भगवान हळूच उभे राहिले.

"तुमीच काय जी?"

"हाव," सर म्हणाले. "मीच."

भगवान त्यांच्या पाया पडायला वाकले. सरांनी त्यांना अर्ध्यातच धरलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतलं ते शिबिर होतं. अमेरिकेतल्या अस्वलाची गोष्ट सरांनी तेव्हा नुकतीच कुठल्याशा पुस्तकात वाचली होती आणि मुलांसमोर राहवलं नव्हतं. गप्प बसण्याचा नियम त्यांनी पुढे केला. ज्या मुलखात आपणच अस्वल सोडून आलो तिथंच ते आयुष्यभर अस्वल शोधत होते.

चहा झाला. निरोप घेतला. गाडीत सर पुढच्या सीटवर होते, मी मागं. मी मनातल्या मनात रद्द करायच्या गोष्टी मोजत होते. लेख, व्याख्यानाची पत्रिका, प्राचार्यांना काय सांगायचं. गाव मागं पडलं. एका वळणावर पळसाचं मोठं झाड होतं, एकही पान नाही, नुसतं लाल.

"थांबवा," सर म्हणाले.

ते उतरले आणि झाडाकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, एकटं राहू द्यावं. पण ते वळले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"मॅडम, मी पळस नाही म्हटलं."

"म्हणजे?"

"पुस्तकात झाडाचं इंग्रजी नाव होतं. मी ते झाड पाहिलं नव्हतं, नावही धड येत नव्हतं. मी म्हटलं होतं, तिकडच्या झाडायची पानं लाल होतात. पानं. हिवाळ्याच्या तोंडाले. पळस नाही, फागुन नाही, मोह तर नाहीच नाही. हे कोणं टाकलं?"

ड्रायव्हरनं गाडी वळवली. भगवान अजून दारातच होते. सरांनी उतरता उतरताच विचारलं, मी पळस म्हटलं होतं काय. भगवान म्हणाले, "नाई जी, तुमी पानंच म्हटलं होतं. मीबी हिले पानंच सांगतलं."

सुमित्राबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. "मले तं पळसच सांगतला यायनं."

"पानं सांगतले मी."

"लाल पानं असतेत काय कुठं? लाल म्हटलं का पळसच असंन ना."

"अन् मोह कोणं पाजला अस्वलाले?"

"पाजा काऊन लागते? अस्वल मोहाले येते हे काय मले आता शिकवता?"

दोघं भांडायला लागले, आणि सर अंगणाच्या मधोमध उभे राहून ते ऐकत होते. मी त्यांना देवळातही असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नाही. भांडण ओसरल्यावर त्यांनी सुमित्राबाईंना विचारलं, की तेव्हा कुठं बसला होता तुम्ही. त्यांनी चुलीकडे बोट केलं. सर आत गेले आणि चुलीसमोर उकिडवे बसले. मातीची साधी चूल. एका अंगाला काळी झालेली.

"मॅडम, इकडं या. पाह्या. सारी दुनिया विचारते, गोष्ट बदलते कशी. बर्फाच्या काळातल्या माणसाच्या हातात एक असते, त्याच्या नातवाच्या नातवाच्या हातात दुसरी. कुठं बदलली, कोणाच्या तोंडात, ते कोणाले दिसत नाही. इथं बदलली. ह्या चुलीपाशी. एक नवरा सांगत होता अन् एक बायको ऐकत होती, अन् परदेशी झाडाले पळस फुटला. कोणी ठरवलं नाही. कोणी खोटं नाही बोललं."

मी आयुष्यात अनेक कागदपत्रांवर 'मूळ प्रत' असा शिक्का मारला आहे. त्या चुलीसमोर मला पहिल्यांदा कळलं, की मूळ म्हणजे काय भयंकर नाजूक गोष्ट असते. बाहेर सुमित्राबाई परत चहा टाकायचं म्हणत होत्या. चूल आम्ही अडवली होती.

लेख त्यांनी सोमवारीच मागे घेतला. नियतकालिकाला कळवलं, की पुरावा माझाच निघाला. व्याख्यान रद्द करू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काऊन? चहा सांगितला आहे ना तुम्ही?"

सभागृह भरलं होतं. सरांनी चप्पल काढली आणि सगळं सांगितलं. मिरचीचं पोतं, शिबिर, लपवलेली चप्पल. काही लपवलं नाही, कोणावर ढकललं नाही. संपल्यावर पहिल्या रांगेतून देशमुख सर उठले.

"म्हणजे वानखडे, एवढ्या वर्षांनी सापडलेलं अस्वल तुमचं घरचंच निघालं."

सभागृह हसलं. सरही हसले.

"हाव. माह्यंच. पण आता माह्यं नाही राह्यलं, देशमुख. मी सोडलं तवा ते पानं लाल करत होतं. आता मोह खाते अन् पळस फुलवते. माह्या ओळखीचं नाही आता ते."

हशा थांबला. देशमुख सर खाली बसले आणि थोड्या वेळानं त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

निवृत्तीनंतर सरांचं कॉलेजात येणं कमी झालं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा येत होता, शस्त्रक्रिया ते पुढे ढकलत होते. पुढच्या चैत्रात त्यांचा फोन आला. गोकुळाबाईंच्या गावी चला म्हणाले. काम काय, विचारलं, तर काही नाही म्हणाले. चिंचोकेही घेतले नव्हते.

दिवेलागण झाली होती. गोकुळाबाईंच्या अंगणात शेजारपाजारच्या बाया आणि लहान मुलं जमली होती. वीज नेहमीप्रमाणे गेलेली. उत्तरेला सात तारे स्वच्छ वर आले होते. सर एका कडेला, मुलांच्या मागं, गोणपाटावर बसले. गोकुळाबाईंनी गोष्ट सुरू केली. अस्वल आलं, मोह खाल्ला, भाऊ निघाले. सर ऐकत होते. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही.

एका मुलीनं विचारलं, "आजी, मधल्या भावाच्या बाजूले तो बारका तारा कोणता?"

सप्तर्षींच्या शेपटीत मधल्या ताऱ्याला चिकटून एक अगदी फिका तारा आहे. त्याला अरुंधती म्हणतात, हे मला सरांमुळेच माहीत होतं. ते काही बोलले नाहीत.

"तो?" गोकुळाबाई म्हणाल्या. "तो मास्तर. त्याच्याजोळ ना धनुष्य, ना बाण. शिकारीत त्याले कोणी घेतलं नाई. पण अस्वल कुठं चाललं ते त्याले पाहाचं हाय, म्हून मधल्या भावाच्या मागं मागं चालते. एका पायात चप्पल नाई त्याच्या."

बाया हसल्या. मुलं वर बघायला लागली. गोकुळाबाईंनी सरांकडे पाहिलंही नाही, त्या पुढं पळसाकडे वळल्या होत्या.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. मान मागं टाकून ते बराच वेळ उत्तरेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, मले मोठे तारेच पुसट दिसून राह्यले. तो बारका आहे का हो तिथं?"

मी नीट पाहिलं. होता.

"आहे, सर."

"हाव?" ते म्हणाले, आणि त्यांनी वर पाहणं थांबवलं नाही.